मुंबई–अहमदाबाद: अंतर किती, वेळ किती, आणि कुणाचा?



मागच्या व्याख्यानानंतर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांत तलासरीहून आलेल्या एका विद्यार्थ्याची चिठ्ठी होती. त्याने लिहिलं होतं: 'मुंबई ते अहमदाबाद हे अंतर विमानाने ४४४ किलोमीटर सांगतात. रेल्वेने ४९१. बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८. रस्त्याने गेलं तर सव्वापाचशेच्या आसपास. यातलं खरं अंतर कोणतं? आणि विमान ताशी आठशे किलोमीटरने जातं, तर ४४४ किलोमीटरला सव्वा तास का लागतो?'

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. हा प्रश्न भूगोलाच्या सरांना विचारा, असं म्हणून आम्हाला सुटता आलं असतं. पण घरी जाऊन चिठ्ठी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, की या पोराने आमच्या विषयातलाच प्रश्न विचारलाय. 'अंतर' म्हणजे नेमकं काय, आणि ते कुणाचं? म्हणून आजचं व्याख्यान त्या चिठ्ठीवर.

आधी हिशोब करू. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

अंधेरीजवळचा मुंबईचा विमानतळ उत्तर अक्षांश १९ अंश ५ मिनिटांवर आहे. अहमदाबादचा विमानतळ जवळपास २३ अंश ५ मिनिटांवर. फरक झाला चार अंशांचा. एका अंशाची साठ मिनिटं, म्हणजे २४० मिनिटं. आता गंमत बघा. खलाशी आणि वैमानिक जो सागरी मैल वापरतात, तो मुळात अक्षांशाच्या एका मिनिटाएवढाच धरलेला आहे. १९२९ साली त्याची आंतरराष्ट्रीय लांबी १,८५२ मीटर अशी पक्की झाली. म्हणजे २४० मिनिटं म्हणजे २४० सागरी मैल, गुणिले १.८५२, उत्तर ४४४ किलोमीटर. इंटरनेटची गरज पडली नाही.

हे इतकं सोपं का झालं? कारण अहमदाबाद मुंबईच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे. पूर्व-पश्चिम फरक जेमतेम चोवीस-पंचवीस किलोमीटरचा. एवढ्याशा तिरकेपणाने कर्णाच्या लांबीत किलोमीटरभराचीही भर पडत नाही.

पण सगळी शहरं अशी नाकासमोर नसतात. तुमच्यापैकी कुणाची मुलं अमेरिकेत असतील. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. दोन्ही शहरं ४१ अंशांच्या खाली, पण ही 'सरळ' रेषा मध्ये ६४ अंशांच्याही वर जाते, पार उत्तर ध्रुवाच्या बाजूला. नकाशावर ती कमानीसारखी दिसते आणि आपल्याला वाटतं, विमान वळसा का घेतंय? याचं उत्तर आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूत आहे. एक गोलसर चिकू घ्या. देठ वर धरा. देठ आणि मध्यभाग यांच्या दरम्यान, एकाच उंचीवर पण समोरासमोरच्या बाजूंना, पेनाने दोन ठिपके काढा. आता दोरा ताणून ठिपके जोडा. दोरा आडवा राहणार नाही, देठाकडे सरकेल. गोलावरची सर्वांत जवळची वाट तीच. सपाट कागदावर ती वाकडी दिसते, हा दोष कागदाचा.

म्हणजे चिठ्ठीतल्या पहिल्या आकड्याचा अर्थ लागला. ४४४ म्हणजे दोन ठिपक्यांमधला ताणलेला दोरा. या दोऱ्यावर डोंगर नाही, खाडी नाही, कुणाचं शेत नाही. बाकीचे आकडे वाटांचे आहेत. रेल्वे मुंबई सेंट्रलवरून मोजते, बुलेट ट्रेन वांद्रे-कुर्ला संकुलापासून साबरमतीपर्यंत. त्यांची 'मुंबई'सुद्धा वेगळी. शिवाय त्यांना सुरत, वडोदरा घ्यायचं असतं, नद्या ओलांडायच्या असतात. चारही आकडे खरे आहेत. चार वेगवेगळ्या प्रश्नांची ती उत्तरं आहेत, एवढंच.

आता आणखी एक गोष्ट तपासू. हा ४४४ किलोमीटरचा दोरा नकाशावर ताणला तर तो जातो कुठून? आम्ही अक्षांश-रेखांश घेऊन बसलो आणि मोजलं. डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला काही किलोमीटर आणि तलासरी गावाच्या पश्चिमेला काही किलोमीटर. म्हणजे तो बरोबर आपल्या दोन गावांच्या मधून जातो! प्रत्यक्षात विमानं ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जातात, हवामान बघून वळतात, त्यामुळे प्रत्येक विमान याच रेषेवर असेल असं नाही. पण संध्याकाळी बोर्डीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की वर जे दिवे सरकताना दिसतात, त्यांचा आणि या रेषेचा संबंध आता तुमच्या ध्यानात येईल.

आता वेळेकडे वळू. ताशी ८०० ने ४४४ किलोमीटर म्हणजे तेहेतीस मिनिटं. वेळापत्रक मात्र सांगतं सव्वा तास, कधी पाच-दहा मिनिटं मागेपुढे. उरलेली मिनिटं गेली कुठे?

पहिली गोष्ट, वेळापत्रकातला वेळ हा उडण्याचा वेळ नसतोच. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढून ते जागेवरून हललं, तिथपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर जाऊन थांबलं, तिथपर्यंतचा तो वेळ. विमानवाले त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात जमिनीवर चालणं आलं, धावपट्टीसाठी रांगेत थांबणं आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. म्हणून रांग लांब. हे कंपन्यांना ठाऊक असतं, म्हणून त्या वेळापत्रकात थोडी राखीव मिनिटं आधीच धरून ठेवतात.

दुसरी गोष्ट, विमान सगळा वेळ आठशेने जात नाही. दहा हजार फुटांच्या खाली साधारण २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आत राहायचं असा नियम असतो. शिवाय मुंबईत बहुतेक वेळा वारा पश्चिमेकडून असतो. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं, म्हणजे आधी समुद्राकडे जातं आणि मग उत्तरेला वळतं. वर चढण्यात दीड-दोनशे किलोमीटर जातात. तीस हजार फुटांवरून उतरायचं, तर उतरण पावणेदोनशे किलोमीटर आधीच सुरू करावी लागते. मग ४४४ मध्ये सपाट उड्डाण उरलं किती? फारच थोडं. आपण डहाणूच्या वर असतो तेव्हा विमान अजून चढतच असतं, आणि दमणगंगा मागे पडून थोडा वेळ गेला की वैमानिकाच्या डोक्यात उतरायचे विचार सुरू झालेले असतात.

तुमच्या सोयीसाठी एक ढोबळ सूत्र सांगतो. किलोमीटरला ८०० ने भागा आणि त्यात चाळीस मिनिटं मिळवा. मुंबई–अहमदाबाद: तेहेतीस अधिक चाळीस, त्र्याहत्तर मिनिटं. म्हणजे सव्वा तासच. मुंबई–दिल्ली सुमारे ११४० किलोमीटर: पंच्याऐंशी अधिक चाळीस, दोन तास पाच मिनिटं, वेळापत्रकातला आकडा याच्या थोडा पुढेच असतो. या सूत्रातली चाळीस मिनिटं कधीच सुटत नाहीत, अंतर कितीही कमी असो. समजा उद्या डहाणूत विमानतळ झाला. इथून मुंबई शंभर किलोमीटर. हवेतली साडेसात मिनिटं आणि वर ती चाळीस! म्हणजे जवळच्या प्रवासात आपण वेगाचे नाही, चढण्या-उतरण्याचे आणि थांबण्याचे पैसे देतो.

वाऱ्याचंही थोडं सांगायला हवं. डहाणूच्या खाडीत होडी घालणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ओहोटीबरोबर बाहेर पडताना जी वाट झटकन सरते, तीच ओहोटीच्या विरुद्ध आत येताना दमवते. वाट तेवढीच, पाणी वेगळं. हिवाळ्यात आपल्या देशावर, खूप उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. म्हणून मुंबईहून कोलकात्याला जाणारं विमान लवकर पोचतं आणि परतीचं पंधरा-वीस मिनिटं जास्त घेतं. अहमदाबादच्या वाटेवर हा वारा आडवा लागतो, म्हणून जाण्या-येण्यात तसा मोठा फरक नाही. माणसांचे निर्णयही वाऱ्यासारखेच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणारी उड्डाणं लांबली. दिल्ली–लंडन अंतर तसूभरही वाढलं नव्हतं. वाट वाढली होती.

याच मुंबई–अहमदाबाद रेषेचा एक जुना दाखला आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाची पोती घेऊन पस मॉथ नावाच्या लहानशा विमानातून कराचीहून निघाले. अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. ते भरून त्यांनी पुन्हा उड्डाण केलं आणि जुहूला उतरले. टाटांच्या हवाई टपालाची ही सुरुवात. ते विमान ताशी साधारण १६० किलोमीटरने जायचं. ४४४ ला १६० ने भागा: पावणेतीन तास. पुढे १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी हाच कराची–मुंबई प्रवास तशाच जुन्या धाटणीच्या विमानातून पुन्हा केला. आमच्या वयाच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं!

तर १९३२ चे पावणेतीन तास आज हवेतल्या पन्नास-पंचावन्न मिनिटांवर आले. जवळजवळ दोन तास वाचले. पण ते वाचलेले दोन तास आज आपण विमानतळावर बसून घालवतो, कारण दोन तास आधी यायला सांगतात. टाटांच्या विमानात प्रवाशांची रांग नव्हती.

इथे आम्ही एक घरची गोष्ट सांगतो. व्याख्यानात घरच्या गोष्टी सांगू नयेत असं आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो. आज तो नियम मोडतो.

आमची थोरली बहीण लग्न होऊन अहमदाबादला गेली आणि तिथलीच झाली. काही वर्षांपूर्वी आम्ही तलासरीत एका स्नेह्याकडे मुक्कामाला होतो. सकाळी सहाला भाच्याचा फोन आला. ताईला रात्री दवाखान्यात नेलं होतं. तो म्हणाला, 'मामा, विमानाने या, तासाभरात पोचाल.' त्याचं काही चुकलं नाही. सगळे असंच म्हणतात. आम्हीही तोच हिशोब केला. साडेसहाला निघालो. सीट भरल्यावर सुटणाऱ्या जीपने डहाणू रोड गाठलं. फलाटावर उत्तरेकडे जाणारी एक्स्प्रेस लागत होती. ती आम्ही डोळ्यांदेखत जाऊ दिली, कारण आम्हाला दक्षिणेकडची लोकल धरायची होती. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, तिचा केवढा आधार आहे, असंसुद्धा मनात येऊन गेलं. अंधेरीला उतरायला साडेदहा झाले. विमानतळावर अकरा. जागा मिळाली ती दुपारी तीनच्या विमानात.

विमान सुटलं, समुद्रावरून वळलं आणि बारा-पंधरा मिनिटांत खाली ओळखीचा किनारा दिसला. खाडी, वाड्या, पलीकडे डोंगर. तलासरीतून निघून नऊ तास झाले होते आणि आम्ही तलासरीच्याच वर होतो. दवाखान्यात पोचायला साडेपाच वाजले. तासाभरापूर्वी ताई गेली होती. ती सकाळची एक्स्प्रेस धरली असती तर दुपारी अडीच-तीनला पोचलो असतो.

यात दोष कुणाचाच नाही. विमान वेळेवर सुटलं, वेळेवर उतरलं. चूक आमच्या समजुतीत होती. 'तासाभराचा प्रवास' हे वाक्य विमानाबद्दल खरं होतं, आमच्याबद्दल नव्हतं. आणि ते आमच्याबद्दल आहे असं आम्ही, तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसाने, क्षणभरही तपासून न बघता मानलं.

आता शास्त्राकडे येऊ. आपल्याकडच्या वैशेषिक दर्शनात नऊ द्रव्यं मानली आहेत. त्यांत दिक् आणि काल ही दोन. गुण चोवीस. त्या चोवीसांत 'परत्व' आणि 'अपरत्व' हे दोन गुण येतात. साध्या मराठीत, लांबपण आणि जवळपण. अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' वर्गात शिकवताना मुलं विचारायची, सर, लांबपण हा काय वस्तूचा गुण झाला? रंग हा गुण, वास हा गुण, पण लांबपण?

प्रश्न रास्त आहे, आणि जुन्या आचार्यांनाही तो दिसला होता. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, लांबपण म्हणजे मधल्या जोडांची संख्या. आपल्या आणि त्या वस्तूच्या मध्ये एकाला एक लागून असलेले संयोग जितके जास्त, तितकी ती वस्तू दूर. दोन, हे लांबपण 'अपेक्षाबुद्धी'तून उत्पन्न होतं. म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी जागी उभं राहून, त्या जागेच्या अपेक्षेने दोन गोष्टींची तुलना करतो, तेव्हाच 'हे दूर, ते जवळ' हे ज्ञान होतं. पाहणारा नसेल, तर दूर-जवळही नाही. आचार्यांचं कालकृत परत्व म्हणजे थोरलेपण, प्रवासाचा वेळ नव्हे. ती भेसळ आम्ही करत नाही. पण 'कुणाच्या अपेक्षेने?' हा त्यांचा प्रश्न आपल्या वेळापत्रकालाही तितकाच लागू आहे.

आता त्या चिठ्ठीला पूर्ण उत्तर देता येईल. मुंबई–अहमदाबाद विमानाचे चारशे चव्वेचाळीस किलोमीटर आणि सव्वा तास हे विमानाच्या अपेक्षेने. तलासरीच्या माणसाच्या अपेक्षेने मधले जोड मोजा: जीप, लोकल, रिक्षा, तपासणीची रांग, विमान, पुन्हा रिक्षा. सगळं जुळून आलं तरी सात-आठ तास. डहाणूहून अहमदाबाद रेल्वेने पावणेचारशे किलोमीटरच्या आत. डहाणूला थांबणाऱ्या गाडीने सहा-सात तास, आणि जोड दोनच. विमान आपल्या डोक्यावर सात-आठ किलोमीटरवरून जातं. आपल्या कितीतरी पाड्यांना तालुक्याचं गाव याहून लांब आहे. पण त्या विमानापर्यंत पोचायला आधी सव्वाशे किलोमीटर उलट्या दिशेला जावं लागतं.

हे आम्ही केवळ कुतूहल म्हणून सांगत नाही. आपल्या भागातून आता बुलेट ट्रेनचा मार्ग जातो आहे. मोजके थांबे घेणाऱ्या गाडीला मुंबई–अहमदाबाद दोन तास सात मिनिटं लागतील, असं सांगितलं जातं. आकडा चुकीचा नाही. पण तिची स्थानकं बघा: विरार, बोईसर आणि त्यानंतर थेट वापी. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके मधल्या पट्ट्यात. जमीन आपल्याकडची लागली, मिनिटं मात्र दोन्ही टोकांची मोजली गेली. वाढवणच्या बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं. त्यासोबत रस्ते येतील, आणखीही बरंच काही येईल. प्रत्येक वेळी 'इतका वेळ वाचणार' असं सांगितलं जाईल. आम्ही कुठल्या योजनेच्या बाजूने किंवा विरोधात बोलायला उभे नाही. एवढंच म्हणतो, की 'वेळ वाचणार' हे वाक्य कर्त्याशिवाय अपुरं आहे. कुणाचा वेळ? कुठून निघालेल्या माणसाचा? उत्तर आल्याशिवाय मान डोलवू नका.

आणि हाच प्रश्न आपल्या रोजच्या जगण्याला लावा. बाळंतीण अडली, तर पाड्यावरून डहाणूच्या रुग्णालयात किती वेळ? वापी, सिल्वासा, वलसाडला किती? दिवसा किती, रात्री किती? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं, तर किती? नकाशा सांगेल, बावीस किलोमीटर. बावीस किलोमीटर हे पाटीचं अंतर झालं. त्या बाईचं अंतर वेगळं आहे.

म्हणून आज एक गृहपाठ देतो. एका वहीत चार रकाने आखा. पहिल्यात ठिकाण: दवाखाना, कॉलेज, तहसील कचेरी, स्टेशन. दुसऱ्यात किलोमीटर. तिसऱ्यात आपल्या दारापासून त्या दारापर्यंत दिवसा लागणारा वेळ, वाट बघण्यासकट. चौथ्यात पावसाळ्यातल्या रात्रीचा वेळ. ऐकीव लिहू नका, गेलेल्या माणसाला विचारून लिहा. दहा पाड्यांच्या अशा वह्या जमल्या, तर ग्रामसभेत ठेवायला त्याहून चांगला कागद नाही. वाहिनीवर ऐकणाऱ्यांनी आपापल्या गावाचं करावं. शहरातल्यांनीही करावं, त्यांचेही डोळे उघडतील.

चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलाला आमचा निरोप: बाळा, तुझे चारही आकडे खरे आहेत. पाचवा तुझ्या दारापासूनचा. तो इंटरनेटवर मिळणार नाही, तुलाच मोजावा लागेल.

पुढच्या वेळी 'आत्ता' म्हणजे किती वेळ, यावर बोलू. वह्या घेऊन या.